अहवाल मंजूर झाला, पाणी आलं नाही

"विषय क्रमांक ७ : पाणीवाटप अभ्यास समितीचा अहवाल सभेत वाचून दाखवण्यात आला. सभेने अहवालाची नोंद घेतली व समितीचे आभार मानले."

आमच्या उपसा सिंचन सोसायटीच्या प्रोसिडिंग बुकातल्या, म्हणजे सभेचं इतिवृत्त लिहायच्या वहीतल्या, या दोन ओळी मी सचिवांच्या टेबलापुढे उभ्याउभ्या तीनदा वाचल्या. नोव्हेंबर महिना होता. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत विठ्ठल मंदिराच्या मंडपात "मंजूर, मंजूर!" असा आवाज घुमला होता, तो माझ्या कानात अजून होता. टाळ्या वाजल्या होत्या, चेअरमननानांनी आम्हा पाचही जणांना नारळ दिला होता. म्हणून मी विचारायला गेले होते, की शेवटच्या कुंडीपासून पाण्याची पाळी कधी सुरू होणार? सचिव शांतपणे म्हणाले, "ताई, तसा ठराव कुठंय? सभेनं नोंद घेतली आहे."

आमचं गाव तापीकाठी, चोपडा तालुक्यात. नदीतल्या जॅकवेलमधून, म्हणजे पंपाच्या विहिरीतून, पाणी उचलून टेकावरच्या हौदात टाकायचं आणि तिथून जमिनीखालच्या लाइनीने अठरा कुंड्यांमधून, म्हणजे व्हॉल्व्ह असलेल्या वाटपाच्या जागांमधून, शेतांना द्यायचं, अशी आमची योजना. सभासद २१४. माझी अडीच एकर अठराव्या कुंडीवर, म्हणजे अगदी शेपटाला. हे गेल्यावर शेअर माझ्या नावावर झाला आणि मी सभांना जायला लागले. शेतीपंपाला वीज आठ तास, तीही कधी दिवसा, कधी रात्री. लाइन भरायलाच सव्वा तास जातो. त्यात वरच्या कुंड्यांचे व्हॉल्व्ह उघडे असले, की लाइन शेवटपर्यंत भरतच नाही. आमच्या कुंडीत पाणी पोचेस्तोवर वीज जायची वेळ होते. यात कुणी चोरी करतं असं नाही. वरचा शेतकरी आपल्या पाळीचंच पाणी घेतो. पाळीचा क्रमच तसा ठरलेला आहे.

आमची समिती नेमली गेली ती याच तक्रारीवरून. सहा महिने आम्ही मेहनत घेतली. कुंडीवर दोनशे लिटरचा ड्रम ठेवून तो भरायला किती वेळ लागतो ते मोबाइलच्या घड्याळावर मोजलं. पहिल्या कुंडीवर ड्रम २१ सेकंदांत भरला. अठराव्या कुंडीवर लागले १ मिनिट ५० सेकंद. असे अठराही कुंड्यांचे आकडे, तीन वेगवेगळ्या दिवशी घेतलेले. अहवाल बारा पानांचा झाला. शेवटी सात शिफारशी. मला त्याचा अभिमान होता आणि आजही आहे. पण त्या शिफारशी कशा शब्दांत लिहिल्या होत्या? "पाणीवाटपात शेवटच्या सभासदांना न्याय मिळावा." "थकबाकीबाबत कडक धोरण अवलंबावे." "लाइनीच्या दुरुस्तीसाठी निधीची तरतूद व्हावी." यातल्या एकाही वाक्याला कुणी नाही म्हणणार नाही. म्हणूनच सगळे मंजूर, मंजूर म्हणाले. आणि म्हणूनच काही झालं नाही.

पुढच्या मे महिन्यात माझी एक एकर कांदेबाग केळी निसवणीला, म्हणजे घड बाहेर पडायला, आलेली होती. पाच बाय पाच फुटांवर लावलेली, म्हणजे एकरात सतराशेच्या वर झाडं. पारा ४४ वर गेला आणि आमच्या पाळीला सलग तीन वेळा लाइन भरली नाही. ठिबकच्या नळ्या हाताला कोरड्या लागायच्या. घड पोसलेच नाहीत. कितीतरी झाडं मधूनच मोडून पडली. व्यापारी शेताच्या बांधावरून आत आलाच नाही, बांधावरूनच मान हलवून गेला. नुकसानीचा हिशेब मी इथे लिहीत नाही. केळी लावणाऱ्याला तो कळतो.

माझे मामा निवृत्त गटसचिव. चाळीस वर्षं विकास सोसायट्यांची प्रोसिडिंगं त्यांनी लिहिली. मी अहवाल त्यांच्यापुढे टाकला. त्यांनी शेवटचं पान काढलं, चष्मा लावला आणि पहिल्या शिफारशीवर बोट ठेवून विचारलं, "बेटा, हे कोण करील?" मी म्हटलं, सोसायटी. "सोसायटीत कोण? कधीपासून? नाही केलं तर कुणाला विचारायचं? पैसा लागला तर कोणत्या खात्यातून?" एकाही प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग ते जे म्हणाले ते मी वहीत लिहून ठेवलंय : समिती सुचवते, ठरवते सभा. आणि सभा फक्त ठरावावर ठरवते, अहवालावर नाही. अहवाल स्वीकारणं म्हणजे पाहुण्याला ओसरीवर बसवणं. घरात घ्यायचं की नाही, ते वेगळं विचारावं लागतं.

सहकार कायद्याचं पुस्तकही त्यांनीच वाचायला लावलं. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात कलम ७२ आहे. संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा, असं ते सांगतं. संचालक मंडळाचा नाही, चेअरमनचाही नाही. कलम २७ म्हणतं एका सभासदाला एकच मत, मग त्याची अडीच एकर असो की पंचवीस. समान मतं पडली तर अध्यक्षांचं एक निर्णायक मत. शेअर दोघांच्या नावावर असेल तर प्रमाणपत्रावर ज्याचं नाव पहिलं, तो हजर असेपर्यंत मत त्याचं. आणि उपविधी, म्हणजे संस्थेचा स्वतःचा नियम, बदलायचा असेल तर साधं बहुमत पुरत नाही. हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लागतात, त्यानंतर निबंधकांकडे नोंदणी व्हावी लागते, तेव्हाच तो बदल लागू होतो. एवढं सगळं मला ठाऊक नव्हतं याची खंत वाटली. मी शेअर सर्टिफिकेट ट्रंकेत जपून ठेवलं होतं, त्याच्या मागे माझा काय अधिकार आहे ते कधी वाचलं नव्हतं.

मग आम्ही समितीचे पाच जण पुन्हा बसलो, मामांच्या ओसरीवर, सलग चार रविवार. सात शिफारशींच्या तीन केल्या. ज्यांचं ठरावात रूपांतर होईना, त्या सोडून दिल्या. पहिली शिफारस आता अशी झाली : "येत्या १ डिसेंबरपासून पाण्याची प्रत्येक पाळी कुंडी क्रमांक १८ पासून सुरू करून उलट क्रमाने कुंडी क्रमांक १ पर्यंत द्यावी. पाळी चालू असताना इतर सर्व व्हॉल्व्ह बंद ठेवण्याची जबाबदारी पाटकऱ्याची राहील व व्हॉल्व्हची किल्ली त्याच्याकडेच राहील." दुसरी, लाइनदुरुस्तीसाठी एकरी वर्षाला ५०० रुपये, स्वतंत्र खात्यात. तिसरी, मागची पाणीपट्टी थकलेल्या सभासदाला नवी पाळी न देणं. ही तिसरी आमच्या उपविधीतलं कलम बदलल्याशिवाय होणारी नव्हती, म्हणून जुनं कलम आणि नवं कलम शेजारी शेजारी छापलं.

पाटकरी म्हणजे पाळीप्रमाणे पाणी सोडणारा माणूस. हा शब्द आमच्याकडे पाट नसतानाही टिकून आहे. माझं माहेर पांझराकाठचं, साक्री तालुक्यातलं. तिथे फड बागायत. बंधाऱ्यावरून पाट निघतो, भिजणारी जमीन फडांत वाटलेली आणि एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं. पाणी कमी असलं तर एखादा फड पडीक ठेवायचा. वडील सांगायचे, हंगामाआधी सगळे बागायतदार एकत्र बसून हे ठरवत. कुणाचं शेत वर, कुणाचं खाली, पण पडीक ठेवायचा फड सगळ्यांच्या तोंडावर ठरे आणि ठरलेलं पाटकरी पाळे. हे मला त्या रविवारी फार आठवलं. आमच्या सोसायटीत यंत्रं आहेत, वीज आहे, लाइन आहे. पण सगळ्यांच्या तोंडावर ठरवणं कुठेतरी मागे राहून गेलं होतं.

आमच्यातले एक आप्पा चौथ्या कुंडीवरचे. त्यांना पहिली शिफारस मान्य नव्हती. "दर पाळी खालूनच चालू केली तर ऐन उन्हाळ्यात आम्ही कोरडे राहू," हे त्यांचं म्हणणं. मला वाटत होतं, आपण चार विरुद्ध एक आहोत, तेव्हा अहवाल समितीचा म्हणून द्यावा आणि मोकळं व्हावं. मामा म्हणाले, नाही. त्यांचं भिन्न मत त्यांच्याच शब्दांत अहवालात छापा. मला ते जड गेलं. पण छापलं. आज वाटतं, सबंध कामात सर्वांत योग्य गोष्ट तीच केली. वरच्या कुंड्यांवरच्या लोकांनी अहवाल हातात घेतला तो त्या अर्ध्या पानामुळे. आपली बाजू दडपलेली नाही हे त्यांना दिसलं.

पुढची अडचण अजेंड्याची. नाना मनाने चांगले, पण भांडणाला भिणारे. त्यांना "समितीचा अहवाल" एवढाच विषय ठेवायचा होता. "बाकीचं ऐनवेळच्या विषयात घेऊ, बाई." मी हात जोडून सांगितलं, नाना, लोकांच्या पाण्याचा आणि पैशाचा निर्णय ऐनवेळी कसा घ्यायचा? ज्याला यायचं त्याला आधी कळायला नको? दोन बैठका झाल्या. शेवटी संचालक मंडळाने तिन्ही ठराव स्वतंत्र विषय म्हणून घेतले आणि खाली आपला अभिप्रायही दिला : पहिल्या दोनला पाठिंबा, तिसऱ्यावर सभेने ठरवावं. सभेच्या चौदा दिवस आधी नोटीस निघाली. ठरावांचा पूर्ण मजकूर नोटिशीला जोडलेला, सोसायटीच्या फळ्यावर लावलेला, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरही टाकलेला. कायद्याने वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. आमची सभा महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात लागली.

सभा अकराची. अकराला कोरम झाला नाही, म्हणून अर्ध्या तासासाठी तहकूब केली. साडेअकराला मंडप भरला. मंदिरामागे वरण-बट्टीचा स्वयंपाक चालू होता, गोवऱ्यांच्या धुराचा वास आत येत होता. या वासाची मला आधीपासून काळजी होती. आमच्याकडे एक वाजला, की लोक "मंजूर" म्हणून उठतात. म्हणून आम्ही नानांना विनंती करून हे तीन विषय हिशेबाच्या वाचनानंतर लगेच घेतले.

दारात हजेरीची सही घेताना प्रत्येक सभासदाला एक गुलाबी चिठ्ठी दिली होती. मतदानाला हात नाही, चिठ्ठी वर करायची. गेल्या वर्षी मुलगे, जावई, पाहुणे असे सगळेच हात वर करत होते. सभासद नसलेल्यांना ओट्यावर बसायला सांगितलं. एक तरुण आजारी वडिलांच्या बदल्यात मत द्यायला आला होता, त्याला सचिवांनी समजावून परत पाठवलं, कारण मत स्वतःच द्यावं लागतं. तो नाराज झाला. मलाही वाईट वाटलं, त्याचे वडील आमच्याच बाजूचे होते. चिठ्ठ्या गेल्या १३१.

मांडणी मी केली. अहवाल वाचला नाही, तो सगळ्यांकडे होता. फळ्यावर अठरा चौकोन काढले आणि प्रत्येकात ड्रम भरायला लागलेले सेकंद लिहिले. बस्स. लोक फळ्याकडे बघत राहिले. पहिल्या चौकोनात २१, शेवटच्यात ११०. आप्पांनाही बोलायला पाच मिनिटं मिळाली, तसं आधीच ठरलं होतं. मग मी ठराव शब्द न शब्द वाचला. सूचक मी, अनुमोदन नवव्या कुंडीवरच्या एका आक्कांनी दिलं. त्यांना पाणी बरं मिळतं. त्या फक्त म्हणाल्या, "मी ड्रम भरताना तठेच उभी व्हतू."

आणि तेव्हा तिसऱ्या कुंडीवरचे जिभाऊ उठले. त्यांनी उपसूचना दिली : प्रत्येक पाळी खालून नको. एक पाळी वरून, एक खालून, अशी आलटून पालटून. मंडपात गलका झाला. मागून कोणीतरी ओरडलं, "आते मोजानं काय काम शे? ठराव मंजूर!" नाना गडबडले आणि मूळ ठरावालाच मत मागायला निघाले. मामांनी शिकवलं होतं, उपसूचना आली तर आधी तिच्यावर मत घ्यायचं, मग जो मजकूर उरेल त्यावर. मी नानांना तेवढं सांगितलं. माझ्याच माणसांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. कारण त्या क्षणी मूळ ठराव घेतला असता तर कदाचित तो गोंधळात पासही झाला असता.

मंडपाचे चार भाग केले. प्रत्येक भागात दोन मोजणारे, एक वरच्या कुंड्यांवरचा, एक खालचा. गुलाबी चिठ्ठ्या वर गेल्या. दोघांचा आकडा जुळला तरच लिहायचा. एका भागात जुळला नाही, पुन्हा मोजलं. उपसूचनेच्या बाजूने ६८, विरोधात ५७. सहा जणांनी मत दिलं नाही. उपसूचना मंजूर.

मला वाईट वाटलं, ते मी लपवणार नाही. सहा महिन्यांचं मोजमाप आणि एक वर्षाची केळी या ठरावामागे होती. पण नंतर दुरुस्त ठराव मताला आला तेव्हा मी चिठ्ठी वर केली. आप्पांनीही केली. बाजूने ९६, विरोधात २५. आम्ही चौघं आणि आप्पा एका ठरावावर आलो होतो, ते समितीत नाही, सभेत.

दुरुस्ती निधीला फार वेळ लागला नाही. स्वतंत्र खातं आणि दर सभेला त्याचा हिशेब, एवढं मान्य झाल्यावर लोक तयार होते.

तिसरा विषय थकबाकीचा. तावातावाने बोलणी झाली, आतलं बाहेर आलं. कुणाची पट्टी चार वर्षांची थकली, कुणाची दवाखान्यामुळे थकली. मत घेतलं. बाजूने ७९, विरोधात ४६. "बहुमत! मंजूर!" पुढच्या रांगेतून आवाज आला, नानांनी माइक उचलला. हा ठराव मला हवा होता. थकबाकीमुळे वीजबिल अडकतं आणि पंप बंद पडतो तो माझ्या पाळीला. पण मत देणारे १२५, त्यांचे दोन तृतीयांश म्हणजे ८४. पाच मतं कमी होती. मी उठले आणि म्हटलं, "नाना, हा उपविधीचा बदल आहे. याला चौऱ्याऐंशी मतं लागतात. हा नामंजूर झाला." आवाज कापत होता. क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग जिभाऊ मागून म्हणाले, "बाई बरोबर बोली ऱ्हायनी." सचिवांनी लिहिलं, नामंजूर.

जेवणं झाली, मंडप रिकामा झाला, तरी मी सचिवांच्या शेजारी बसून राहिले. तिथेच प्रोसिडिंगचा मसुदा लिहून घेतला. ठरावाचा पूर्ण मजकूर, सूचक, अनुमोदक, उपसूचना कोणाची, बाजूची मतं, विरोधातली मतं. "चर्चा होऊन" असा शब्द त्यांनी लिहिला होता, तो राहू दिला. "नोंद घेण्यात आली" असं मात्र कुठेच येऊ दिलं नाही. आज कुणी समितीवर असेल तर त्याला माझं हेच सांगणं आहे, की आपलं काम अहवाल वाचून संपत नाही. प्रोसिडिंगवर सही होईपर्यंत ते आपलंच काम असतं.

थकबाकीचा विषय आम्ही सोडलेला नाही. या वर्षी दवाखाना आणि मृत्यू यांसाठी सवलत घालून नवा मजकूर केलाय. आप्पांनीच लिहिलाय.

डिसेंबरची पहिली पाळी खालून सुरू झाली. वीज रात्रीची होती. मी आणि मुलगा बॅटरी घेऊन कुंडीवर गेलो, ड्रम नेला होताच. ३४ सेकंद लागले. पुढची पाळी वरून होती, तेव्हा पुन्हा मिनिटाच्या वर गेलं. तिच्या पुढची परत खालून.

त्या पाळीला पहाटे एक ट्रॅक्टरवाला वरच्या कुंडीवर व्हॉल्व्ह उघडायला सांगत होता. पाटकरी त्याच्याशी भांडला नाही. बंडीच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद काढला, ट्रॅक्टरच्या उजेडात धरला आणि बोट ठेवून वाचायला लागला. "येत्या १ डिसेंबरपासून..." ट्रॅक्टरवाल्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आम्हनी पाळी कव्हय शे?" पाटकऱ्याने कागदाची घडी घातली. "पुढलीले वरथून. सोमवारले ये."